एकशे अकरावं मिनिट

पुण्यात मी विमानं पाडते.
म्हणजे संगणकावर. पगार घेऊन.
या खेपेला साताऱ्याला येताना
लॅपटॉपात एक आणलं होतं, अर्धवट पडलेलं,
बावीस सेकंदांचं.

नानांनी चष्मा पुसला.
सार्जंट हिंदुराव निकम, एअरफ्रेम फिटर, निवृत्त.
शाहूपुरीतल्या दोन खोल्या, गच्चीवरून अजिंक्यतारा
आणि त्याच्या डोक्यावरचा टॉवर.
"परत लाव," म्हणाले. मग, "परत."
चौथ्या वेळी बोट पडद्यावर टेकवलं:
"चाकं खाली आणि फ्लॅप वर.
हा उतरतोय का चाललाय, ह्याला तरी ठाऊक हाय का?"

मी लिहून घेत गेले.
एक इंजिन पेटलं म्हणून विमान धोंड्यासारखं पडत नाही,
दुसऱ्यावर येतं, तिरकं, कुरकुरत, पण येतं.
दार त्या उंचीवर पैलवान आणला तरी उघडत नाही,
आतली हवाच त्याला दाबून धरते.
पत्रा फाटला तर आधी धुकं होतं केबिनभर,
थंडीत न्हाणीघराचं दार उघडल्यावर दिसतं तसं,
मग कान, मग वारा.
आणि ती शिट्टी? वरून खाली लांबत येणारी?
"ती कुठनं आणलीस?"
तयार मिळते, म्हटलं. सगळे तीच वापरतात.
"म्हणजे सगळ्यांची विमानं एकाच आवाजात मरत्यात व्हय."

आई आतून म्हणाली, चहा होतोय,
तोवर थांबवा तुमची मढी.

मग खरा आवाज कसा असतो, नाना?

ते उठले. भिंतीवरच्या फळीपाशी गेले.
तिथं प्रत्येक हत्याराची कड लाल रंगात काढलेली,
पाना पान्याच्या सावलीत, पक्कड पकडीच्या.
शेजारचा ओंकार स्क्रू-ड्रायव्हर नेऊन विसरतो
तेव्हा हा माणूस रात्री दोनला त्याची कडी वाजवतो.
आम्ही हसायचो.

"आवाज मला माहीत नाही," म्हणाले.
"आम्ही खाली असतो.
दोघं गेलेले. एक शिकवणारा, एक शिकणारा.
शिकणाऱ्याच्या बुटाची नाडी सुटलेली,
शिडीवर मीच बांधायला लावली.
एकशे दहा मिनिटांचं तेल. भरताना मी उभा होतो.
नव्वदाव्या मिनिटाला आपण वर बघतो.
शंभराव्याला कुणी बोलत नाही.
एकशे पाचला कुणीतरी म्हणतं, दुसरीकडं उतरले असतील.
एकशे अकरावं लागतं
आणि आभाळ आहे तसंच.
काही पडत नाही त्यातनं.
मग सगळे आपापली पेटी उघडून
हत्यारं मोजाय लागतात."

माझी पुरी भरली, म्हणाले.
सत्ताविसच्या सत्तावीस.
"मला बरं वाटलं गं."
हे त्यांनी फळीला सांगितलं, मला नाही.

चहावर साय धरली होती.

नंतर पुण्यात मी फ्लॅप खाली केले. धुकं घातलं. शिट्टी काढली.
दिग्दर्शक म्हणाला, फारच शांत पडतंय.
आग वाढव, शिट्टी घाल,
लोकांना कळायला नको का?
घातली. फ्लॅटचा हप्ता असतो.
धुकं तेवढं राहिलं, सव्वा सेकंद,
कुणाच्या नजरेला आलं नाही म्हणून.

पण ते पुढचं. आधी तो रविवार.
बस हलली तेव्हा नानांनी घड्याळ बघितलं.
खंबाटकीच्या बोगद्याआधी ट्रक आडवा, दीड तास,
माझा मोबाईल पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली, मुका.
स्वारगेटला उतरून काढला.
एकच मिस्ड कॉल.
बस पोचायला हवी होती
त्याच्या पुढच्या मिनिटाचा.

लावला परत. आईनं उचलला.
पोचले गं, म्हटलं. नानांना दे.
"थांब जरा," आई म्हणाली,
"फळीपाशी उभे आहेत. काहीतरी मोजतायत."